सुट्टीवरचा पाहुणा आणि आडुतुरैचा पास्ता

फौजी माणूस सुट्टीवर घरी येतो तेव्हा तो घरात पाहुणाच असतो. दोन्ही नोकऱ्या मिळून बरीच वर्षं वर्दीत काढल्यावर मी हे सांगतोय, आणि थोडं शरमेनं सांगतोय. आपण आलो की मटण शिजतं, पहिलं ताट आपल्यापुढं येतं, पोरांना सांगितलं जातं, "गप बसा, पप्पा झोपलेत." आपण जेवतो, उरलेले दिवस मोजतो, ट्रंक भरतो आणि निघतो.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे. घरात वाढदिवस असो, लग्नाचा वाढदिवस असो, पोराच्या निकालाचा आनंद असो, त्या दिवशीचा स्वयंपाक फौजी माणसानं करावा. बायकोच्या हाताखाली कांदा चिरून देण्याला मी स्वयंपाक म्हणत नाही. बाजारातून सामान आणण्यापासून भांडी घासण्यापर्यंत सगळी ड्यूटी आपली.

हे शहाणपण मला गेल्या नोव्हेंबरात आडुतुरैला आलं. मराठा लाइट इन्फंट्रीतून पेन्शन आल्यावर मी डीएससीत पुन्हा भरती झालो. सध्या तंजावरला हवाई दलाच्या तळावर आहे. लेक शेतकी शिकली आणि योगायोगानं आडुतुरैच्या भात संशोधन संस्थेत एका प्रकल्पावर लागली. तंजावरहून गाडीनं कुंभकोणम, आणि तिथून मायिलाडुतुरैच्या दिशेनं थोडं पुढं गेलं की हे गाव. इथं 1922 पासून भातावर काम चालू आहे. एडीटी 27, एडीटी 43 अशा भाताच्या जातींच्या नावांत जे 'एडीटी' असतं, ते म्हणजे हेच आडुतुरै. कावेरीच्या खोऱ्यातलं गाव, चहूकडं भाताची खाचरं.

लेकीला 25 वं वर्ष लागत होतं. तिच्या आजवरच्या वाढदिवसांपैकी मी सहाला हजर होतो. हा आकडा मी काढला नाही, तिनं सांगितला. रागानं नाही, सहज सांगितला, म्हणून जास्त लागला. साताऱ्याहून बायको आणि मुलगा आले होते. काय करायचं विचारलं तर लेक म्हणाली, "हॉस्टेलला आम्ही पास्ता करायचो, तो खाऊ." मुलगा म्हणाला, कुंभकोणमहून मागवू. बायको पदर खोचून उठलीच होती. मी म्हणालो, "तू बस. आज मी करतो."

आता कोणी म्हणेल, मराठी माणसाला पास्ता कसा जमणार? अहो, तो आपल्याला परका नाही. आमच्याकडं चकोल्या करतात, तुमच्याकडं वरणफळं म्हणत असाल. कणीक मळायची, लाटायची, कापायची, उकळत्या वरणात सोडायची. उन्हाळ्यात आजी खाटेवर शेवया वाळवायची, तोही त्याच कुळातला. चांगला पास्ता ज्या कडक गव्हाचा होतो तो आपला बन्सी गहू. पुण्याच्या आघारकर संस्थेनं त्याच्या नव्या जाती काढल्यात. ज्याला चकोल्या येतात त्याला पास्ता येतो. फरक फक्त एवढाच की तो वरणात न शिजवता खारट पाण्यात शिजवायचा.

सहा माणसांचा हिशेब धरला. घरचे चौघं, आणि घरमालक व त्यांची बायको. अर्धा किलो कणीक, पाव किलो बारीक रवा, चमचाभर तेल, मीठ. पुरीपेक्षाही घट्ट मळलं आणि ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवलं. तोवर किलोभर टोमॅटो उकडून सोलले, तेलात भरपूर लसूण, मग टोमॅटो, मिरपूड, चिमूटभर साखर, आणि मंद आचेवर ठेवून दिलं. पोळी लाटून शंकरपाळ्याच्या कातण्यानं लांब पट्ट्या कापल्या.

इथं फसलो. नोव्हेंबर म्हणजे इथला खरा पावसाळा. हवा इतकी दमट की ताटातल्या पट्ट्या पाहता पाहता एकमेकींना चिकटून गोळा झाल्या. अर्धी मेहनत गेली. घरमालकीणबाई दारातून बघत होत्या. आत गेल्या आणि वाटीभर तांदळाची पिठी घेऊन आल्या. त्यांचं तमिळ मला कळेना, माझं हिंदी त्यांना, पण पिठी भुरभुरवून त्यांनी पट्ट्या अशा मोकळ्या केल्या की बघत राहावं. मग स्वतःचा इडियप्पमचा सोऱ्या आणून दाखवला. तांदळाच्या उकडीच्या बारीक शेवया, वाफेवर शिजवलेल्या. म्हणजे पास्ता त्यांच्याही घरात होताच.

घरमालक मद्रास रेजिमेंटचे निवृत्त हवालदार. ओट्यावर मला पाहून फौजी हिंदीत म्हणाले, "साब, खाना बनाना लंगर का काम है." घरचा लंगर कोण चालवतं, असं विचारल्यावर हसले आणि बायकोकडं बोट केलं. किती वर्षं, म्हटल्यावर हसू थांबलं. हेच तर आपल्या सगळ्यांचं आहे. पलटणीत बडाखाना असला की आपण सगळे पुऱ्या लाटायला बसतो, काही प्रसंगी साहेब लोक स्वतः जवानांना वाढतात, त्यात कुणाची इज्जत जात नाही. घरी मात्र आपल्याला ओटा दिसत नाही. गदा चालवणारा भीम विराटाच्या मुदपाकखान्यात बल्लव होऊन राहिला. याच तंजावरात सरफोजी महाराजांच्या नावानं मराठीत पाकशास्त्र लिहिलं गेलं, ते सरस्वती महालात आहे. मग आपल्याला कमीपणा कसला?

काही मित्र म्हणतील, एका जेवणानं हुकलेले अठरा वाढदिवस भरून येतात का? नाही येत. तसा दावाही मी करत नाही. आणि ज्यांना सुट्टीच मिळाली नाही त्यांना दोष देणं बरोबर नाही. बर्फातल्या पोस्टवरून कोणी केक कापायला येऊ शकत नाही. माझं म्हणणं जे घरी आहेत त्यांच्यासाठी आहे. त्यातही पेन्शनर बांधवांसाठी, जे दिवाणखान्यात बसून चहाची ऑर्डर सोडतात. दूर असणं नोकरीचा भाग होता. घरात असून पाहुण्यासारखं राहणं ही आपण लावून घेतलेली सवय आहे.

पट्ट्या उकळत्या पाण्यात तीन-चार मिनिटं, मग त्यातलंच वाटीभर पिठाळ पाणी घालून टोमॅटोत परतल्या, वरून लोणी. केळीच्या पानावर पास्ता कोणी वाढला असेल का माहीत नाही, आम्ही वाढला. बायको पहिल्या पंगतीत बसली. ती दोनदा उठू लागली, दोन्हीदा मी खांद्यावर हात ठेवून बसवलं. हवालदारसाहेबांनी दुसऱ्यांदा घेतलं आणि मग न सांगता उठून सगळ्यांना पाणी वाढलं.

लेकीनं पहिला घास घेतला आणि म्हणाली, "पप्पा, मीठ कमी आहे."

इतक्या वर्षांत त्या घरानं माझ्याकडं कसलीच तक्रार केली नव्हती. पाहुण्याकडं कोण करतं? मी उठून मीठ आणलं.

तेव्हा मित्रहो, पुढच्या वाढदिवसाची तारीख आजच लिहून ठेवा. पास्ता नको तर चकोल्या करा. बिघडला तर बिघडू द्या. आणि भांडी विसरू नका, तीही ड्यूटीतच येतात.

जय हिंद.