चार जावांचा संसार

रेल्वेच्या फलाटावर वृद्धांना नेणारी बॅटरीची गाडी आपण पाहिलीच असेल. मूळची ती गोल्फच्या मैदानावरची. तिला दिवा, हॉर्न किंवा मीटर बसवायचं काम आलं की मी आधी सीटखाली डोकावतो.

तिथे पुष्कळदा 12 व्होल्टच्या 4 बॅटऱ्या ओळीनं जोडलेल्या असतात, मिळून 48. दिवा मात्र 12 चा. सोपं म्हणून कुणी एकाच बॅटरीवरून तार ओढतं. दिवा लागतो, पण चार जावांच्या घरात सगळी कामं एकीवरच पडावीत, तशी ती बॅटरी खंगत जाते. चार्जर चौघींना सारखंच वाढतो. तिची तूट राहते, बाकीच्यांना जास्त होतं आणि शेवटी सगळा संचच बदलावा लागतो.

म्हणून 48 चे 12 करणारा कन्व्हर्टर चारींवर मिळून जोडावा. बॅटरीजवळ फ्यूज हवाच. तार घासून शॉर्ट झाली तर तोच आग टाळतो. पुढे दिव्याला, हॉर्नला स्वतंत्र स्विच. काम करताना अंगठी, कडं काढून ठेवावं.

मीटरही पूर्ण संचाच्या दोन टोकांना जोडावा. शिशाच्या बॅटऱ्या भरलेल्या असल्या आणि गाडी बराच वेळ उभी असली, तर तो सुमारे 51 दाखवतो. 48.4 च्या आसपास आला की निम्मा साठा संपला. चढावर आकडा घसरतो, तो धरू नये.

निम्म्यावर आलं की पंगतीत म्हणतो तसं ‘पुरे’ म्हणावं आणि गाडी चार्जिंगला लावावी. आजींना फलाटाच्या मधोमध उतरवण्याची पाळी येऊ नये.