बॅग भरण्याआधी

माझी भाची डॉक्टर व्हायला बार्बाडोसला निघालीय. आपाने बॅगेत मसाले, लोणचं, जानमाज आणि मिक्सर भरला. तिथली वीज ११५ व्होल्टची, आपला मिक्सर चालणार नाही. तो मी काढायला लावला.

खरी काळजी वेगळी आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२१च्या नियमांनुसार भारतात प्रॅक्टिस करायची तर किमान ५४ महिन्यांचं शिक्षण आणि १२ महिन्यांची इंटर्नशिप त्याच परदेशी संस्थेत व्हावी लागते. कॅरिबियनमधली बरीच कॉलेजं मात्र शेवटची दोन वर्षं अमेरिकेतल्या हॉस्पिटलांत पाठवतात. एजंट याबद्दल चकार शब्द काढत नाही. इकडे दुल्हेभाईंनी फीसाठी शेत विकायला काढलंय.

कॉलेजकडून लेखी उत्तर येईपर्यंत एक रुपयाही भरू नये, असं मी म्हटलं. घरात आता मीच मनहूस ठरलोय.