मेलेल्या भाषेची शिकवणी

“बी. ए.ला आहेस ना? मग हे कशाला?” हा प्रश्न वर्षभरात मला इतक्यांनी विचारला, की उत्तर एकदा छापूनच टाकावे म्हणून हा लेखप्रपंच.

‘हे’ म्हणजे अॅक्शनस्क्रिप्ट. फ्लॅश नावाच्या साधनात चित्र, आवाज आणि अक्षरे हलवण्याची, बघणाऱ्याने बोट लावले की त्यांनी काय करावे हे सांगण्याची भाषा. माझ्या मामाने २००९ साली आजीच्या बांगड्या गहाण टाकून मल्टिमीडियाचा कोर्स केला. कोणते बटण कोठे आहे हे तेथे महिनोन्महिने शिकवले. भाषा मात्र शेवटच्या दोन तासांत उरकली. पुढे स्मार्टफोन आले, फ्लॅश मागे पडले आणि ३१ डिसेंबर २०२० रोजी अॅडोबी कंपनीने फ्लॅश प्लेयर बंदच केला. मामा आता फ्लेक्सचे फलक छापतो. त्याचा जुना संगणक आणि एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आमच्या येरवड्याच्या खोलीत आले. “मेलेली भाषा आहे, रद्दीत घाल,” तो म्हणाला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. पुस्तक रद्दीत घालायला हात धजेना.

सरावासाठी मी येरवडा चरखा निवडला. पत्ता सांगितला की लोक तुरुंग नाहीतर मनोरुग्णालय आठवून हसतात. पण गांधीजी याच तुरुंगात असताना आकाराला आलेला, पेटीत मावणारा चरखा आमच्या येरवड्याचे नाव घेऊन देशभर गेला, हे किती जणांना ठाऊक आहे?

या चरख्यात दोन चाके असतात. आता या भाषेची गंमत पाहा. आधी ‘चाक’ म्हणजे काय याचा साचा लिहायचा. त्याला क्लास म्हणतात. चाकाला त्रिज्या आहे, कोन आहे आणि फिरणे ही त्याची क्रिया आहे. मग त्याच साच्यातून थोरले आणि धाकटे अशी दोन चाके काढायची. नाम, विशेषण, क्रियापद यांत मुरलेल्या कलाशाखेच्या विद्यार्थ्याला हे परके का वाटावे?

माझा चरखा फिरला, पण चाती भलतीच संथ. दोन आठवडे मी लिखाणात चूक शोधत होतो. शेवटी शेजारच्या निवृत्त गुरुजींनी माळ्यावरची पेटी उघडली. दोरी थोरल्या चाकाच्या कडेवरून धाकट्याच्या कडेवर जातच नव्हती! ती जात होती त्याच्या आसाजवळच्या लहानशा कप्पीवर. आणि धाकट्याच्या कडेवरून दुसरी दोरी चातीवर. म्हणजे वेग दोनदा वाढतो. चूक भाषेची नव्हती, मी चरखा नीट पाहिलाच नव्हता. साच्यात ‘कप्पीची त्रिज्या’ एवढी एक ओळ घातली आणि चाती भिरभिरू लागली.

पण हा चरखा फक्त मामाच्या संगणकावर चाले. म्हणून तोच जावास्क्रिप्टमध्ये लिहायला घेतला. तीन रात्री लागल्या. अॅक्शनस्क्रिप्ट आणि जावास्क्रिप्ट या एकाच घराण्यातल्या; क्लास तोच, बोटाची चाहूल घेणाऱ्या आज्ञेचे नावही तेच. फरक नडला तो कोनाचा. तिकडे फिरवणे अंशांत, तर इकडे कॅनव्हासवर रेडियनमध्ये. त्यामुळे पहिल्या रात्री चाक वेड्यासारखे गरगरले. येथे साच्यांना देवनागरी नावेही देता येतात. ‘चाक’ हे ‘चाक’च लिहिले तेव्हा झालेला आनंद सांगून समजायचा नाही.

माझे म्हणणे एवढेच की, कंपनीने दुकान बंद केले म्हणून मामाचे शिक्षण फुकट गेले नाही. ते फुकट गेले भाषा न शिकवता बटणे शिकवली म्हणून. आजही पैसे मोजून बटणेच शिकणारे मित्र मला दिसतात. आणि आपण कलाशाखेवाले ‘ते आपले काम नव्हे’ म्हणून दाराबाहेर उभे. मग आपल्या गोष्टी, आपली गावे, आपली अवजारे पडद्यावर हलवून दाखवणार कोण? प्राध्यापकांना विनंती, की संगणक कक्ष आठवड्यातून एक संध्याकाळ उघडा ठेवावा. शिकवायला कोणी नसले तरी चालेल. पुस्तक आहे आणि आम्ही चौघे आहोत.

दिवाळीत मामाला मोबाइलवर चरखा दाखवला. त्याने बोटाने थोरले चाक फिरवले, थांबवले, उलटे फिरवून पाहिले. मग म्हणाला, “आवाज नाही घातलास?”

तो अजून घालायचा आहे.