'चीअर्स' : पेल्यातून बसमध्ये

'चीअर्स' हा इंग्रजी शब्द मराठी वाचकाला परिचित आहे तो पेल्यांच्या किणकिणाटासह. चित्रपटातील सुखवस्तू मंडळी तो उच्चारून पेले उंचावतात; त्यामुळे दारूबंदीच्या विचारात वाढलेल्या कार्यकर्त्यांस त्यात चैनीचा वास यावा, हे स्वाभाविकच आहे. ब्रिटनमध्ये मात्र या शब्दाने मद्यगृहाचा उंबरठा केव्हाच ओलांडला आहे.

त्याचा प्रवास मोठा मौजेचा आहे. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ 'चेहरा'. इंग्रजीत तो आधी मुद्रेवरील भाव झाला, मग चित्तवृत्ती, मग प्रसन्नता, पुढे पाहुण्यापुढे मांडलेले खाणेपिणे आणि अठराव्या शतकात जयघोष. पेला उचलताना म्हणावयाचे 'चीअर्स' हे पहिल्या महायुद्धानंतरचे; कोशांत त्याची नोंद १९१९ ची आहे. निरोपासाठी त्याचा उपयोग १९५० नंतरच्या दशकात आणि आभारासाठी १९७० नंतरच्या दशकात नोंदला गेला. आता कोणी दार धरून ठेवले, दुकानदाराने मोड परत दिली, की 'चीअर्स'. प्राण वाचविणाऱ्या डॉक्टरला कोणी तेवढ्यावर निरोप देत नाही. हे किरकोळ उपकारांचे चलन आहे. कोणी काम बिघडवून ठेवले तर हाच शब्द किंचित लांबवून म्हटला जातो आणि त्याचा टोमणा होतो.

ही केवळ बोलीची गंमत नव्हे. 'थँक यू, सर' म्हणताना बोलणारा स्वतःला एक पायरी खाली उतरवितो. 'चीअर्स'मध्ये पायरी नाही. बरोबरीने बसून पिणाऱ्यांचा तो शब्द असल्यामुळे बरोबरीचे गृहीतक त्याच्या पोटातच आहे. वर्गभेदाने पोखरलेल्या समाजात असा शब्द रुजावा, ही क्षुल्लक गोष्ट नाही. शिष्टाचाराचा प्रश्न म्हणजे भद्रलोकांचा खेळ, असे मानणाऱ्या डाव्यांनी याचा थोडा विचार करावा. (आपल्याकडे एस.टी.तून उतरताना चालकाला किती प्रवासी काही म्हणतात?)

ब्रिस्टल शहरात बसमधून उतरणारा प्रवासी 'चीअर्स, ड्राइव्ह' असे म्हणतो. 'ड्राइव्ह' हे ड्रायव्हरचे लाडके रूप. इंग्रजीत त्याचा अर्थ रस्ता असाही होत असल्याने ब्रिस्टलकरांनी शहरातील एका नव्या रस्त्याला हेच नाव देऊन टाकले आहे. परंतु याच शहरातील बसचा जुना इतिहास फारसा प्रसन्न नाही.

१९६३ पर्यंत ब्रिस्टल ऑम्निबस कंपनीच्या गाड्यांवर कृष्णवर्णीय वा आशियाई माणसास चालक किंवा वाहक म्हणून घेतले जात नसे. कार्यशाळेत व उपाहारगृहात त्यांचे श्रम चालत. ही बंदी केवळ मालकांची नव्हती. ट्रान्सपोर्ट अँड जनरल वर्कर्स युनियनच्या स्थानिक शाखेने १९५५ साली तसा ठरावच केला होता. मूळ वेतन तुटपुंजे, जादा कामाच्या मोबदल्यावर कुटुंब चालायचे. नवे हात आले तर तो मोबदला बुडेल, ही धास्ती. कमी वेतनाचा जाब मालकाला विचारण्याऐवजी तो परक्या वर्णाच्या मजुराला विचारला गेला. अर्थशास्त्राच्या भाषेत याचे स्पष्टीकरण देता येते, समर्थन देता येत नाही.

गाय बेली या जमैकन तरुणाची मुलाखत तो वेस्ट इंडियन आहे हे कळताच रद्द झाली. पॉल स्टीफन्सन, रॉय हॅकेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी एप्रिल १९६३ अखेर बसवर बहिष्कार पुकारला. माँटगोमेरीचे उदाहरण त्यांच्यापुढे होते. टोनी बेन यांनी पाठिंबा दिला, हॅरल्ड विल्सन यांनीही वर्णबंदीचा निषेध केला. मजूर पक्षाचे नेते एका बाजूला आणि त्याच चळवळीतील युनियनची शाखा दुसऱ्या बाजूला, असे हे विचित्र दृश्य होते. २८ ऑगस्टला कंपनीने बंदी उठविली. त्याच दिवशी वॉशिंग्टनमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांचे विख्यात भाषण झाले. सप्टेंबरात रघबीर सिंग हा शीख तरुण ब्रिस्टलचा पहिला गौरेतर वाहक झाला, आणि १९६५ साली ब्रिटनमध्ये वंशभेदाविरुद्धचा पहिला कायदा आला.

पुढे ती युनियन 'युनाइट' या संघटनेत विलीन झाली. जुन्या शाखेच्या वर्तनाबद्दल 'युनाइट'ने जाहीर क्षमा मागितली ती २०१३ साली, म्हणजे बहिष्कारानंतर पन्नास वर्षांनी. तोवर ब्रिस्टलचे प्रवासी चालकाला 'चीअर्स' म्हणू लागून बराच काळ लोटला होता.