नळाच्या पाण्याचा वास

वडगावातील कित्येक घरांत नळाच्या पाण्याला औषधाचा वास येतो म्हणून मुलांना विहिरीचे ‘गोड’ पाणी दिले जाते. (सहा महिन्यांच्या आतील बाळाला पाणीच देऊ नये, हा निराळा विषय.) ज्या वासाची ही तक्रार, तोच माझ्या मते त्या पाण्याचा मोठा गुण आहे, आणि आपण डॉक्टर मंडळी हे पालकांना पुरेशा स्पष्टपणे सांगत नाही.

राकसकोप व हिडकलचे पाणी शुद्ध होऊन शहराकडे निघते. पण जेथे पुरवठा खंडित असतो, तेथे नळ बंद होताच वाहिनीतील दाब नाहीसा होतो आणि झिरपणाऱ्या सांध्यांतून शेजारच्या गटाराचे पाणी आत ओढले जाऊ शकते. त्या वेळी पाण्यात शिल्लक राहिलेला क्लोरीनच कामास येतो. भारतीय मानकानुसार ग्राहकाच्या नळाशी तो लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम असावा. हुबळी-धारवाडमध्ये अखंड व खंडित पुरवठ्याच्या वस्त्यांची तुलना करणारा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. पाच वर्षांखालील मुलांच्या एकूण जुलाबांत लक्षणीय फरक आढळला नाही. रक्ताचे जुलाब मात्र अखंड पुरवठ्याच्या वस्त्यांतील कमी उत्पन्नाच्या घरांत कमी होते. बालरोगतज्ज्ञाला एवढे पुरेसे आहे.

आता घरोघरी आर.ओ. यंत्रे आली. त्यांतील कोळशाची गाळणी क्लोरीन आधीच शोषून घेते. बाहेर येणारे पाणी स्वच्छ खरे, पण निःशस्त्र! ते पिंपात साठवून त्यात हातासकट पेला बुडवला की यंत्राचा खर्च व्यर्थ. आपल्या आज्यांचे लांब दांड्याचे ओगराळे अधिक शास्त्रीय होते.

क्लोरीन सर्वशक्तिमान नव्हे. गढूळ पाण्यात तो गाळावरच खर्ची पडतो आणि क्रिप्टोस्पोरिडियमसारखे जंतू त्याला दाद देत नाहीत. पावसाळ्यात पाणी उकळावेच. क्लोरीनच्या उपपदार्थांमुळे कर्करोग होईल, ही धास्ती सुशिक्षितांत अधिक दिसते. त्या भीतीपोटी निर्जंतुकीकरणात तडजोड करू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेचेच मत आहे.

विहिरीचे पाणी वापरणाऱ्यांनी हजार लिटरला सुमारे अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर टाकून किमान अर्धा तास थांबावे. उघड्या पुडीतील पावडर निकामी होते.

महापालिकेने प्रत्येक प्रभागातील अखेरच्या नळाचे क्लोरीनचे मोजमाप दररोज फलकावर लावावे, ही मागणी आपल्या संघटनेने करावी. आणि जुलाबाच्या प्रत्येक बालरुग्णाच्या केसपेपरवर वजनाखालीच घरचे पाणी कोठले, हे लिहिण्याचा प्रघात आपण पाडावा.