विम्याचं नंतर, आधी तुमचा पाइप कुठून जातो ते बघा

एप्रिल-मे महिन्यात आपली काळी माती बघा. भेगा इतक्या रुंद, की पोराचा हात कोपरापर्यंत आत जावा. मृगाचे दोन चांगले पाऊस झाले की तीच माती फुगते आणि भेगा मिटतात. घराचा पाया हे दरवर्षी सोसतो. जमिनीतला नळाचा पाइपही सोसतो. भिंतीला तडा गेला तर तुम्हाला दिसतो. पाइपचा तडा मात्र बिल आल्यावर कळतो, नाहीतर पोट बिघडल्यावर.

परभणी असो, जिंतूर असो, गंगाखेड असो, मातीची गोष्ट एकच. ती फुगते-आकसते आणि पाइपचा सांधा ओढते. त्यात तुमच्या अंगणात जुना लोखंडी जीआय पाइप असेल, तर तो ओल्या मातीत गंजतोही. असा पाइप उकरून काढलेला पाहिला असेल, तर त्यावरचे तांबूस पापुद्रे आठवत असतील. नखानं खरवडले तरी निघतात. आतली जागा गंजानं इतकी भरलेली असते, की करंगळीसुद्धा जेमतेम जाते.

हा पाइप दुरुस्त कुणी करायचा? इथंच बहुतेकांची गल्लत होते. रस्त्याखालून जाणारी मोठी लाईन महापालिकेची किंवा नगरपालिकेची. तिच्यावर फेरूल, म्हणजे जोड घेण्याचा छोटा पितळी सांधा, बसवून तुमच्या घरापर्यंत आणलेली नळजोडणी तुमची. ती तुमच्या खर्चानं घातलेली असते आणि तिची दुरुस्तीही तुमच्याच खर्चानं होते. सांडपाण्याचंही तसंच. न्हाणीपासून गटारापर्यंतचा, संडासापासून टाकीपर्यंतचा पाइप तुम्हीच बघायचा. गावात जलजीवन मिशनचा नळ आला असेल, तर गावची योजना ग्रामपंचायत चालवते. पण नळाच्या तोटीपुढे अंगणातून स्वयंपाकघरात जो पाइप तुम्ही नेलात, तो तुमचा.

आता विम्याचं बोलू. अमेरिकेत घर घेतलेला तुमचा मुलगा किंवा भाचा सांगत असेल, की तिकडं जमिनीतल्या पाइपचा वेगळा विमा मिळतो. खरं आहे. तिथल्या कितीतरी गावांत रस्त्यापासून घरापर्यंतचा पाण्याचा आणि मैल्याचा पाइप घरमालकाचा असतो. घराच्या नेहमीच्या विम्यात तो बहुधा धरत नाहीत. म्हणून कंपन्या पत्रं पाठवतात: महिन्याला थोडे डॉलर भरा, पाइप फुटला तर आम्ही खणू. काही शहरं तर त्या पत्रावर आपलं बोधचिन्हही वापरू देतात. त्यामुळं सरकारी नोटीस आल्यासारखं वाटतं आणि माणूस घाबरून सही करतो. सक्ती काहीच नसते.

इंग्लंडमध्ये 1 ऑक्टोबर 2011 पासून घराच्या हद्दीबाहेरचे आणि सामायिक मैल्याचे पाइप पाणी कंपन्यांकडं गेले. त्या दिवसापासून घरमालकाचा तेवढा भार उतरला. म्हणून तिकडं राहणाऱ्यांनी वर्गणी भरण्याआधी बघावं, की आपण पैसे नक्की कोणत्या पाइपचे भरतो. तिथं असे विमे विकणाऱ्या होमसर्व्ह या कंपनीला लोकांच्या गळ्यात चुकीच्या पद्धतीनं विमे मारल्याबद्दल 2014 साली तीन कोटी पौंडांवर दंड झाला. पोराला फोन कराल तेव्हा हे सांगा. आणि एक प्रश्न विचारायला सांगा: हा पाइप खरंच माझा आहे का?

आपल्या इथं असा निव्वळ पाइपचा विमा म्हणून कुणी दारात आला, तर घाई करू नका. त्याच्याकडून कंपनीचं नाव आणि छापील अटी मागा. त्या बँकेतल्या ओळखीच्या माणसाला किंवा शिकलेल्या पोरीला वाचायला द्या. पैसे रोख देऊ नका.

आपल्याकडं जे खरंच मिळतं ते वेगळं आहे. 1 एप्रिल 2021 पासून आगीचा आणि घराचा विमा विकणाऱ्या कंपन्यांना एकाच ठरावीक अटींची पॉलिसी द्यावी लागते. तिचं नाव 'भारत गृह रक्षा'. आग, वीज पडणं, वादळ, पूर, भूकंप, दंगल हे तिच्यात आहेच. पाण्याच्या टाक्या, साधनं आणि पाइप फुटणं किंवा ओसंडणं हेही तिच्यात लिहिलेलं आहे. घराच्या व्याख्येत कंपाउंडची भिंत, पाण्याची पक्की टाकी आणि संडासची टाकी धरली आहे. मात्र या गोष्टी घराच्याच जागेत असाव्या लागतात.

म्हणजे पाइप एकाएकी फुटला, भिंत ढासळली, फरशी उचकटली, फ्रिजमध्ये पाणी गेलं, तर बोलायला जागा आहे. पण पाइप वर्षानुवर्षं गंजला, थेंबथेंब झिरपला, भिंतीला ओल आली, रंगाचे पोपडे पडले, तर ते फुटणं नव्हे. विमा अवचित घडलेल्या गोष्टीचा असतो, जुनेपणाचा नसतो. माती फुगण्याचंही असंच. जमीन खचली तर विमा आहे, पण नव्या बांधकामाला बसताना पडणाऱ्या नेहमीच्या भेगा, भरावाची जमीन दबणं, कच्चं काम हे त्यातून वगळलेलं आहे. काळ्या मातीवर भराव टाकून ज्यांनी घर बांधलं, त्यांनी ही ओळ दोनदा वाचावी.

एजंटाला एकच गोष्ट लेखी विचारा. कंपाउंडच्या आत जमिनीखालून जाणारा माझा नळाचा पाइप घरात धरलाय का? उत्तर व्हॉट्सॲपवर आलं तरी जपून ठेवा. 'हो हो, सगळं येतं' हे तोंडी उत्तर काही कामाचं नाही.

मग हा विमा घ्यावा का? माझं मत, घ्यावा. पण तो पाइपसाठी नाही. सप्टेंबर 2024 च्या पहिल्या दोन दिवसांत आपल्या जिल्ह्यात पावसानं काय केलं ते तुम्ही पाहिलंय. त्याच वर्षी 10 जुलैच्या सकाळी हिंगोलीकडून आलेल्या भूकंपाच्या धक्क्यानं भांडी वाजली होती. असं नुकसान खिशातून भरून निघत नाही. पाइपचं निघतं.

तुमच्यावर गृहकर्ज असेल, तर आधी बँकेत जा. घराचा विमा कदाचित आधीच काढलेला असेल आणि हप्ताही कापला जात असेल. पॉलिसीची प्रत मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. प्रत मिळाली की नीट बघा, विमा घराचा आहे की तुमच्या जिवाचा. कर्ज घेताना जो 'लोनचा विमा' म्हणून काढतात, तो बहुतेक वेळा कर्जदार दगावला तर कर्ज फेडणारा असतो. घर पडलं, तर त्यातून एक वीटही मिळत नाही. कितीतरी घरांत ही चूक उघडकीला येते ती घर पडल्यावरच.

आता पाइपचं काय करायचं ते सांगतो. यातलं बरंचसं फुकट आहे.

पोराच्या वहीचं एक पान घ्या. घराचा चौकोन काढा. रस्त्याची लाईन कुठून, फेरूल कुठं, नळाचा पाइप कुठून आत आला, हौद कुठं, संडासची टाकी कुठं, तिचा पाइप कुठून, हे सगळं त्यावर दाखवा. अंतर पावलांनी मोजलं तरी चालेल. आठवत नसेल तर ज्यानं काम केलं त्या प्लंबरला बोलवा. तो म्हातारा झाला असेल तर आजच बोलवा. त्या कागदाचा फोटो काढून घरातल्या सगळ्यांच्या फोनवर पाठवा. खोदाईला आलेला माणूस कागद नसला की अख्खं अंगण उकरतो, आणि मजुरी अंगणाची लावतो.

मग रात्रीची तपासणी. हौद भरला की सगळ्या तोट्या बंद करा. पाण्याच्या पातळीवर खडूनं रेघ मारा. सकाळी पाणी रेघेच्या खाली गेलेलं दिसलं, तर हौद झिरपतोय किंवा हौदातून निघालेला पाइप. अंगणात भर उन्हाळ्यात एकच कोपरा ओला, तिथंच हिरवं गवत आणि मुंग्यांची रीघ दिसली, तर खणायची जागा सापडलीच.

नवा पाइप टाकायचा असेल तर काळ्या मातीत तसाच पुरू नका. चर थोडा जास्त खोल आणि रुंद करा. तळाला वाळू किंवा बारीक मुरूम घाला, त्यावर पाइप ठेवा, वरून पुन्हा वाळू घाला आणि मग माती ओढा. माती फुगली तरी वाळू तिला थोडी वाट देते. जीआयऐवजी काळा किंवा निळा लवचिक पाइप घ्या. तो मातीबरोबर थोडा वाकतो, सांधे कमी लागतात आणि गंजत नाही. सांध्यापाशी प्लंबरच्या शेजारी उभे राहा. चर बुजवण्याआधी पाणी सोडून बघा. तो म्हणेल, 'काही होत नाही, बुजवा.' बुजवू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. नळाचा पाइप गटारातून नेऊ नका. आपल्या गल्ल्यांत चार-चार पाइप नालीच्या पाण्यात बुडालेले दिसतात, आणि तेच पाणी आपण पितो. येलदरी धरणाचं पाणी शुद्ध करून सोडलं, तरी शेवटच्या वीस फुटांत ते बिघडतं. परभणीत नळाला रोज पाणी येत नाही. किती दिवसांनी येतं ते तुम्हाला चांगलं ठाऊक आहे. मधल्या दिवसांत पाइप रिकामा असतो, आणि त्याला बारीक चीर असली तरी गटाराचं पाणी आत शिरतं. नळाला थेट मोटार लावली की ते ओढलंच जातं. म्हणून पाइप गटाराच्या वरून न्या. खालूनच न्यावा लागला तर तेवढ्या भागात मोठ्या पाइपमधून ओवून घ्या, आणि गटारात सांधा अजिबात नको. मोटार नळाला नाही, हौदाला लावा.

पाणी आल्यावर पहिलं गढूळ पाणी झाडांना घाला. पिण्याचं पाणी उकळा, किंवा मेडिक्लोर या जंतुनाशकाचे थेंब बाटलीवर लिहिलेत तेवढे टाका. गल्लीतल्या दोन-तीन घरांत एकदमच जुलाब सुरू झाले, तर डॉक्टरकडं जा आणि पाणीपुरवठ्यालाही कळवा. जानेवारी 2025 मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा तपासाचा रोख आधी पाण्याकडंच वळला होता.

संडासच्या टाकीचं सांगताना जड जातं, पण सांगतोच. मे 2023 मध्ये आपल्याच जिल्ह्यात, सोनपेठ तालुक्यातल्या भाऊचा तांडा इथं टाकी साफ करताना पाच मजूर गेले. टाकीतल्या विषारी वायूला वास असो नसो, तो क्षणात माणूस पाडतो. त्याला काढायला उतरलेलाही पडतो. तुमची टाकी तुंबली तर कुणालाही आत उतरवू नका, तो स्वतः तयार असला तरी नाही. उपसायची गाडी बोलवा. हातानं मैला साफ करायला बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्यानं असं धोक्याचं काम करून घेणं गुन्हा आहे, आणि पहिल्याच वेळेला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. कुठलाही विमा यातून सोडवत नाही.

पाइपच्या खर्चासाठी घरातच सोय करा. दर महिन्याला शे-दीडशे रुपये वेगळ्या खात्यात टाका. बचत गटात असाल तर तिथं. वर्षभर काही फुटलं नाही तर पैसे तुमचेच राहतात. शेजारची चार घरं एकाच चरातून पाइप नेत असतील, तर एकत्र बसा आणि खोदाई एकदाच करा.

घराचा विमा असताना काही फुटलंच, तर आधी कॉक बंद करा, विजेचा मेन बंद करा, मग फोटो काढा. कंपनीला त्याच दिवशी कळवा आणि तक्रारीचा नंबर लिहून घ्या. पाणी उपसा, सामान वाचवा, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. पण फुटलेला पाइपचा तुकडा भंगारात देऊ नका, नुकसान तपासायला येणाऱ्या सर्व्हेअरला तो बघायचा असतो. प्लंबरकडून आणि गवंड्याकडून तारखेची, सहीची पावती घ्या. कंपनीनं नाकारलं किंवा महिनाभर उत्तरच दिलं नाही, तर विमा नियामकाच्या 155255 या फोनवर तक्रार करा. तरीही निकाल लागला नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालाकडं वर्षाच्या आत अर्ज करा. फी नाही, वकील लागत नाही, साध्या कागदावर लिहिलं तरी चालतं.