जीवदयेच्या पावतीवर खुरांचा रकाना का नाही?



दशलक्षण पर्व जवळ आले की आमच्या महिला मंडळात जीवदयेची पावतीपुस्तके निघतात. चारा, पाणी, औषध असे तीन रकाने. कितीतरी वर्षे मी ही पुस्तके भरते आहे, पण त्यात चौथा रकाना हवा हे मला कधी सुचले नाही. ते सुचवले एका गाढविणीने.

गाढव म्हटल्यावर काही जणी हसल्या असतील. हसा, पण पुढे वाचा, कारण यात चूक आपलीच आहे. भट्टीवाल्याची नाही.

ती कृष्णाकाठच्या एका वीटभट्टीवरून आली. मंडळाने वर्गणी काढून तिला सोडवले आणि गावाबाहेरच्या आपल्या ओळखीच्या गोठ्यात, म्हाताऱ्या गाईंबरोबर ठेवले. आली तेव्हा बरगड्या मोजता येत होत्या, पाठीवर ओझ्याने पडलेले पांढरे डाग होते. आम्ही तिचे नाव चंपा ठेवले. त्या दिवशीचा फोटो माझ्या मोबाइलमध्ये अजून आहे. परवा तो मोठा करून पाहिला. अंग खंगलेले आहे, पण खूर मात्र आखूड आणि नीट झिजलेले.

त्यानंतर दोन वर्षे आम्ही तिच्यावर दया केली. दर अष्टमी-चतुर्दशीला बस्तीतून निघाले की डबा घेऊन गोठ्यावर. तुपाचा हात लावलेल्या चपात्या, गुळाचे खडे, भिजवलेली डाळ, कुणाकडे कार्य झाले की उरलेली बुंदी. चंपा हाक मारली की यायची. अंगाने भरली, मानेवर चरबीचा कडक उंचवटा आला. आम्ही म्हणायचो, "कशी गुटगुटीत झाली बघा!" पुढच्या पायांचे खूर लांबत लांबत टोकाशी वर वळले, अगदी जुन्या काळच्या चढावासारखे. मुलांना त्याची गंमत वाटायची. मग ती जास्त वेळ बसूनच राहू लागली. आम्हाला वाटले, आयुष्यभर राबली बिचारी, आता आराम करते.

गाईला तपासायला आलेल्या डॉक्टरांनी सहज चंपाच्या पायाला हात लावला. खूर गरम होता आणि घोट्यामागची नाडी ठणठण उडत होती. त्यांनी विचारले, "हिला गूळ कोण घालतं?" आम्ही चौघींनी अभिमानाने हात वर केले.

पुढचा अर्धा तास त्यांनी जे समजावले ते मी माझ्या शब्दांत सांगते. घोडा किंवा गाढव चालते ते एकाच बोटावर, आणि खूर म्हणजे त्या बोटाचे नख. नखाच्या आत पायाचे शेवटचे हाड असते. ते खुराच्या भिंतीला असंख्य नाजूक पापुद्र्यांनी जणू टांगलेले असते. गूळ, पोळ्या, धान्य असे गोड आणि पिठूळ अन्न जास्त झाले, अंगावर चरबी चढली, की हे पापुद्रे सुजतात आणि सुटू लागतात. मग हाड खुराच्या आत फिरते किंवा खाली खचते. याला लॅमिनायटिस म्हणतात. आपल्या नखाखाली काटा गेला तर काय होते आठवा, आणि त्याच नखावर सगळ्या देहाचा भार आहे असे समजा. चंपा आराम करत नव्हती. तिला उभे राहवत नव्हते.

आणि गाढव ओरडत नाही. घोडा लंगडतो, अस्वस्थ होतो, गाढव दुखणे गिळते. ते जास्त बसते, पाय आलटून पालटून उचलते, खाणे थोडे कमी करते, बस्स. त्यात ते मूळचे कोरड्या, खडकाळ मुलखातले. त्याचा खूर घोड्याच्या खुरापेक्षा पाणी जास्त शोषतो. आपल्या पावसाळ्यात शेणामुताच्या ओल्या जमिनीवर उभे राहिले की तो मऊ पडतो, कुजतो, घाण वास येतो. भट्टीवर चंपा दिवसभर चालायची, म्हणून खूर झिजायचे. आम्ही तिला मऊ जमिनीवर उभे केले आणि झिजणे थांबले. वाढणे थांबले नाही. खूर महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर वाढतोच, काम असो वा नसो.

अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण पाठशाळेत घोकलेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. भट्टीवरच्या चंपाकडे पाहून आम्हाला चौथा लगेच दिसला होता. पण लांबलेला खूर प्रत्येक पावलाला तरफेसारखा आतल्या हाडाला, शिरांना ओढतो. पाठीवरून उतरवलेला भार आम्ही तिच्या पायात भरला होता. हे मी अपराधी वाटावे म्हणून लिहीत नाही. पण वाटले, हे खरे.

त्या रात्री मी मंडळाच्या ग्रुपवर लिहिले की उद्यापासून चंपाला दोन दिवस काही देऊ नका, उपासच घडवूया. बरे झाले डॉक्टरांना विचारले! लठ्ठ गाढवाला एकदम उपाशी ठेवले तर अंगातली चरबी रक्तात उतरते, यकृत निकामी होते आणि जीव जाऊ शकतो. उपवास आपला, आपल्या इच्छेचा. तिला वाळलेले गवत आणि गव्हाचे काड, थोडे थोडे, पण दिवसभर. गोड पूर्ण बंद.

मग खूर कापायचा विषय निघाला आणि आमच्या अक्का अडून बसल्या. "छेद हा अतिचार आहे ना गं? जनावराच्या अंगाला शस्त्र लावायचं?" प्रश्न चुकीचा नव्हता. मी त्यांना गोठ्यावरच घेऊन गेले. बैलांना पत्री मारणारे एक मामा आहेत, त्यांना डॉक्टरांनी बिननालेचा खूर कसा घडवायचा ते दाखवले होते. मामांनी आधी टोकदार आकडीने तळवा साफ केला. मधला त्रिकोणी, रबरासारखा भाग त्यांनी जवळजवळ तसाच ठेवला, कारण चालताना धक्का झेलायला तो जमिनीला टेकायला हवा. तळवाही कोरला नाही. फक्त लांबलेली भिंत पकडीने कापली आणि कानशीने कडा गोल केली. चंपा शांतपणे काड चघळत होती. अक्कांनी पडलेला तुकडा उचलून पाहिला, स्वतःच्या अंगठ्याच्या नखाशी ताडला आणि म्हणाल्या, "हे तर नखच की." त्यानंतर त्यांनी विषय काढला नाही. खोल कापले तर रक्त येते आणि जनावर दुखावते, हेही खरे, म्हणूनच हे काम विळा घेऊन कुणीही करायचे नाही.

एका दिवसात खूर सरळ झाला असे मात्र नाही. वर्षानुवर्षे वाकड्या खुरावर चाललेल्या पायाच्या शिरा त्या आकाराला सरावलेल्या असतात, एकदम सगळे कापले तर पाय आणखी दुखतो. म्हणून पहिले काही महिने दर तीन आठवड्यांनी थोडे थोडे. मधल्या काळात खाली जाड रेती, आणि पायांना फोमचे तुकडे पट्टीने बांधायचे. हे बांधायचे काम मी शिकले. बाळाची दुपटी बांधणाऱ्या हातांना ते अवघड नाही.

तिसऱ्या महिन्यात डॉक्टरांनी एक गोष्ट दाखवली, ती मी कधी विसरणार नाही. खुरावर आडव्या कड्या असतात. चंपाच्या कड्या टाचेकडे रुंद आणि पुढे अरुंद होत्या. आजारात वाढ अशी वाकडी होते. पण अगदी वर, केसांच्या रेषेखाली, दोन बोटे खूर गुळगुळीत होता. गूळ बंद केल्यापासून वाढलेला. पुढे दर महिन्याला मी ती रेषा बघायची. ती खाली सरकत गेली. वरून टोकापर्यंत नवा खूर यायला ९ ते १२ महिने लागतात. आमच्या सगळ्या बुंद्या त्या कड्यांत लिहिलेल्या होत्या आणि त्या कानशीखाली एकेक करून निघून गेल्या.

हे शिकताना नालेबद्दलही वाचले. जेमी जॅक्सन नावाच्या अमेरिकन नालबंदाने १९८० च्या दशकात तिथल्या रानटी घोड्यांचे खूर जवळून पाहिले आणि बिननालेच्या खुराचा पुरस्कार सुरू केला. त्याहून जुने म्हणजे दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या ग्रीक झेनोफनने घोड्याला गोट्यांच्या अंगणात उभे करा, खूर टणक होतात, असे लिहून ठेवले आहे. माझे मत असे की नालेला सरसकट वाईट म्हणू नये. डांबरी रस्त्यावर राबणाऱ्या घोड्याचा खूर वाढतो त्यापेक्षा जास्त झिजतो, तिथे नाल काढली तर तो रक्तबंबाळ होईल. पण नाल असलेला खूर झिजतच नाही, म्हणून दर सहा-आठ आठवड्यांनी ती काढून खूर कापावाच लागतो, आणि भाड्याच्या घोड्यांचे हे कोण पाहते? आपल्या महोत्सवांच्या मिरवणुकीत चैत्राच्या उन्हात असा घोडा आपण डांबरावर चालवतो. त्याच्या झुलीची जर आपण निवडतो, पाय कुणी पाहत नाही. माझे म्हणणे स्पष्ट आहे: घोडा नसला तरी मिरवणूक होते. समितीला हवाच असेल तर आधी चारही पाय उचलून पाहावेत. नांदणीच्या हत्तिणीच्या निमित्ताने २०२५ मध्ये आपल्या घराघरांत जनावराच्या तळव्यांची, नखांची चर्चा झाली. त्या वादात मी इथे शिरत नाही, सगळ्यांच्याच भावना ओल्या आहेत. पण ती चर्चा हत्तिणीपाशीच का थांबली, एवढे विचारते.

यंदा मी पावतीपुस्तक छापायला देताना चौथा रकाना घातला: खूर. एका काकूंनी विचारले, "चाऱ्याला दिलं की पुण्य कळतं, याचं काय?" मी त्यांना चंपाचे दोन फोटो दाखवले. त्यांनी दोन्ही रकान्यांत दिले. तुमच्या गावच्या गोशाळेत, पांजरपोळात घोडा किंवा गाढव असेल तर एवढेच विचारून या: शेवटचे खूर कधी कापले? गाढवासाठी उत्तर ६ ते १० आठवड्यांच्या आत यायला हवे. "कापावे लागतात होय?" असे आले, तर देणगी कुठे द्यायची ते तुम्हाला कळेल. आणि मामांसारख्या माणसाची मजुरी वेळेवर द्या, हे काम कंबर मोडणारे आहे.

चंपाचे खूर पुढचे कापायचे आहेत ते येत्या चतुर्दशीला, सकाळी, बस्तीतून आल्यावर. यायचे असेल तर या, पण डबा आणू नका. मानेखाली खाजवले की तिला पुरते.